थैलीतून फूटपाथपर्यंत

रस्त्यावर राहणाऱ्या मुलाच्या टाचेची जखम लवकर भरत नाही. पायात चप्पल नसते, असली तर दोन मापं मोठी असते आणि रात्री उशाखाली घेतली नाही तर सकाळी जागेवर नसते. पाय सतत ओले, मळलेले. चिकटपट्टी तासाभरात सुटून येते. म्हणून फूटपाथवर काम करणारा कार्यकर्ता आधी सलाइनने टाच धुतो, गॉजने टिपून कोरडी करतो, वर नवी गॉज ठेवून बँडेज घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखं फिरवतो आणि मुलाला सांगतो, परवा याच वेळेला, इथेच. परवा मूल येतं किंवा येत नाही. आलं तर पट्टी बदलायची, पुन्हा तेच सांगायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते आपलं नाव सांगतं. बहुतेकदा हे नाव पहिल्या दिवशी सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं असतं आणि तेच खरं असतं. गाव कुठलं, घरी कोण आहे, निघून का आलो, हे त्याच्याही बरंच नंतर.

या सगळ्यात गॉज आणि सलाइनचा खर्च नगण्य. खर्च आहे तो परवा त्याच वेळेला त्याच जागी येणाऱ्या माणसाचा. त्याचा पगार, त्याचा प्रवास, तो आजारी पडला तर त्याच्या जागी येणाऱ्या दुसऱ्याचा पगार. दूरदेशातल्या एखाद्या चर्चला या मुलासाठी काही करायचं असेल तर तिच्या पैशाने करण्याजोगं सर्वांत उपयोगी काम हे आहे. आणि रविवारी वेदीजवळ उभं राहून मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, समजावून सांगायला सर्वांत अवघड कामही हेच.

अवघड अशासाठी की द्यायला उठलेल्या माणसाला काहीतरी दिसायला हवं असतं. खोली, पलंग, दप्तर, गणवेश. ‘पन्नास पलंग’ म्हटलं की दानाची थैली जड होते. ‘दोन कार्यकर्त्यांचा तीन वर्षांचा पगार’ म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, म्हणजे मुलांपर्यंत किती पोचणार? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला चिडून उत्तर देऊ नये. पण उत्तर स्पष्ट द्यावं: कार्यकर्ता हाच मुलांपर्यंत पोचलेला पैसा आहे. अशा कामाच्या अंदाजपत्रकात पगाराचा वाटा मोठा असतो आणि तो असायलाच हवा. पगाराची ओळ फारच लहान दिसली तर मला उलट शंका येते की मुलांजवळ बसतं तरी कोण?

परदेशातल्या गरजवंतांसाठी मंडळीत वर्गणी करणं चर्चला नवीन नाही. पहिल्या शतकात येशूचा प्रेषित पौल याने यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांत वर्गणी केली, म्हणजे समुद्रापलीकडे. करिंथकरांना लिहिलेल्या दोन पत्रांत तिचे जे बारकावे आहेत ते आजच्या खजिनदाराने जरूर वाचावेत. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको, ही पहिली सूचना. रक्कम घेऊन जाणारी माणसं मंडळ्यांनी स्वतः निवडावीत, ही दुसरी. पैसा मोठा आहे, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून एकट्याच्या हाती देऊ नये, ही तिसरी. त्यात एक अडचणही नोंदलेली आहे. करिंथच्या मंडळीने आदल्या वर्षी उत्साहाने शब्द दिला होता, त्या उत्साहाची गोष्ट पौलाने मासेदोनियात सांगितलीही होती, आणि वर्षभराने रक्कम तयार नव्हती. म्हणून त्याला आधी माणसं पाठवून आठवण द्यावी लागली. कबूल केलेली आणि जमा झालेली रक्कम यांत तफावत पडतेच, ती धरूनच हिशेब मांडावा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पैसे मागण्याआधी ही मुलं कोण हे मंडळीला नीट सांगायला हवं, कारण ‘रस्त्यावरची अनाथ मुलं’ हा शब्दप्रयोगच चुकीच्या दिशेला नेतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ साली रस्त्यावरच्या परिस्थितीतल्या मुलांविषयी २१ वं सर्वसाधारण भाष्य काढलं. त्यात दोन गट धरले आहेत. एक, जगण्यासाठी किंवा कामासाठी रस्त्यावर अवलंबून असलेली मुलं, मग ती एकटी असोत, सवंगड्यांबरोबर असोत की कुटुंबासह. दुसरा यापेक्षा मोठा, सार्वजनिक जागांशी ज्यांचं घट्ट नातं तयार झालं आहे आणि ज्यांच्या रोजच्या आयुष्यात रस्त्याला महत्त्वाची जागा आहे अशा मुलांचा. म्हणजे दिवसभर सिग्नलवर विकून रात्री आईजवळ झोपायला जाणारी मुलगीही यात येते. कित्येकांना आई किंवा बाप आहे, घरही आहे. त्या घरात मार आहे, दारू आहे, सावत्रपण आहे, नाहीतर जेवणाऱ्या तोंडांपुढे भाकरी कमी आहे.

आकड्यांविषयीही सांभाळून बोलावं. जगात रस्त्यावर १० कोटी मुलं आहेत हा आकडा १९८० च्या दशकापासून पत्रकांवर फिरतो आहे. त्याच्या मागे कोणतीही मोजणी नाही. ही मुलं जागा बदलतात, पोलिसांपासून लपतात, नावं बदलतात, त्यामुळे जगभराची विश्वासार्ह संख्या कोणाकडेच नाही. पत्रकावर छापायचाच असेल तर जोडीदार संस्थेने गेल्या वर्षी प्रत्यक्ष ओळखलेल्या मुलांचा आकडा छापा. तो लहान असेल. पण त्या लहान आकड्यातलं प्रत्येक मूल खरं असतं.

चर्चच्या पायऱ्यांशी या मुलांचं जुनं नातं आहे. पायऱ्यांवर दिवा असतो, आडोसा असतो, येणारे-जाणारे काही देतात. ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमध्ये कांदेलारिया चर्चच्या आसपास अशीच डझनावारी मुलं झोपत. २३ जुलै १९९३ च्या रात्री गाड्यांतून आलेल्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आठ जण मेले, त्यांतले बहुतेक अल्पवयीन. पुढे या प्रकरणात पोलिसांनाच शिक्षा झाली. रस्त्यावरच्या मुलाला भुकेइतकीच भीती गणवेशातल्या माणसाची का असते, आणि ओळखपत्र गळ्यात घालून आलेल्या अनोळखी पाहुण्याला पाहून ते का पळतं, हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

आता इमारतीकडे. चर्चला अनाथाश्रम बांधायला आवडतं आणि त्यामागची माया खरी असते. पण गेल्या काही दशकांत या बाबतीत जे कळलं आहे त्याकडे पाठ फिरवता येत नाही. कंबोडियातल्या निवासी संस्थांतल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असल्याचं २०११ च्या सुमारास झालेल्या पाहणीत दिसलं. तिथे संस्था वाढल्या त्या परदेशी पैशाच्या आणि पाहुण्यांच्या आधाराने. पलंग तयार झाले की ते भरण्यासाठी मुलं शोधली जातात. गरीब आईला सांगितलं जातं, इथे शाळा मिळेल, इंग्रजी मिळेल, आणि ती मूल सोडून जाते. रोमानियात २००० च्या सुमारास बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान बाळं निवडून निम्मी चिठ्ठीने पालक कुटुंबांत ठेवली गेली, निम्मी होती तशीच राहिली. कुटुंबात गेलेल्या बाळांची बुद्धी, भाषा, माणसांशी जडणारं नातं, सगळंच सरस ठरलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा फायदा जास्त होता. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबी हे मुलाला आई-बापांपासून दूर करण्याचं एकमेव कारण कधीही असू नये.

निवारा लागतच नाही असं याचा अर्थ नाही. मारहाणीतून पळालेल्या मुलीला आज रात्री दार बंद होणारी खोली हवी. पण ती खोली काही दिवसांची, काही आठवड्यांची असावी, आणि मूल ज्या दिवशी आत आलं त्याच दिवशी तिथून बाहेर कुठे जाणार याचं काम सुरू झालेलं असावं.

उन्हाळी शिबिरासारखी वाटणारी एक वेगळीच जागा मात्र मला मनापासून महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दिवसाचं केंद्र. तिथे न्हाणीघर असतं, कपडे धुण्याची सोय असते, दुपारी निर्धास्त झोपायला चटई असते. आणि लॉकर. किल्लीचा, वीतभर रुंदीचा पत्र्याचा कप्पा. रस्त्यावरच्या मुलाकडे कमाई ठेवायला जागा नसते. रात्री मोठी मुलं खिसे उलटे करतात, म्हणून दिवसाची कमाई अंधार पडायच्या आत संपवावी लागते. खाण्यात, व्हिडिओ गेममध्ये, हुंगायच्या गोंदात. गोंदातल्या टोल्युइन या रसायनाने भूक आणि थंडी काही वेळ जाणवत नाही, हेही त्यामागे असतंच. बाहेरून पाहणाऱ्याला हा उधळेपणा वाटतो. त्याच मुलाला गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायला एक किल्ली दिली की काही दिवसांतच ते पैसे साठवू लागतं. पुढे त्याच कप्प्यात घरचा पत्ता लिहिलेला कागद येतो, लसीकरणाचं कार्ड येतं, जन्मदाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पावती येते. वीस कप्प्यांचं कपाट ही मंडळीला दाखवता येईल अशी वस्तू आहे. ज्यांना काहीतरी दिसायलाच हवं त्यांना हे कपाट दाखवावं, आणि त्याच दमात सांगावं की कपाटाजवळ एक माणूसही लागतो.

पैसे मागण्याआधी जोडीदार संस्था ठरलेली हवी. उलट क्रमाने गेलं की जमलेले पैसे घेऊन ते देण्यालायक कोणी आहे का हे शोधत फिरावं लागतं, आणि घाईत चुकीचा माणूस सापडतो. संस्थेची तिच्या देशातली नोंदणी, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि त्यावर दोघांच्या सह्या, इतकं तर मागायचंच. खातं पाळकाच्या किंवा संचालकाच्या स्वतःच्या नावाचं असेल तर तो कितीही सज्जन असला तरी तिथेच थांबावं. त्याच्यासाठीही ते धोक्याचं आहे. मग बालसुरक्षेचं धोरण मागावं, आणि नुसता कागद मागून थांबू नये. विचारावं: मुलाने कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार करायची तर कोणाकडे? शेवटची तक्रार कधी आली आणि तिचं काय केलं? ‘आमच्याकडे कधीच तक्रार आलेली नाही’ हे उत्तर चांगलं नाही. तक्रार करायची वाट मुलांना ठाऊकच नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

मूल घरी परत जाण्याविषयीही विचारावं. चांगली संस्था मुलाला नुसतं बसमध्ये बसवून देत नाही. आधी घरी दोन-चार भेटी, मूल का निघालं त्याची उकल, शाळेशी बोलणं, घरात कोणा एका मोठ्या माणसाची जबाबदारी, आणि परतल्यावर निदान वर्षभर पाठपुरावा. घाईने परत पाठवलेलं मूल पुन्हा रस्त्यावर येतं, आणि दुसऱ्या वेळी ते कार्यकर्त्यालाही टाळतं. म्हणून ‘किती मुलं घरी पाठवली’ यापेक्षा ‘गेल्या वर्षी पाठवलेल्यांपैकी आज किती घरी आहेत’ हा प्रश्न विचारावा. उत्तर शंभर टक्के आलं तर पुन्हा विचारावं.

आता थैली. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम आणि दर महिन्याचा लहान वाटा, यांत मी डोळे मिटून दुसरा निवडेन, कारण पगार दर महिन्याला द्यावा लागतो. कार्यकर्त्याच्या वर्षभराच्या खर्चात पगार, प्रवास, विमा, त्याच्यावर देखरेख करणाऱ्याच्या वेळेचा भाग आणि विनिमय दर घसरला तर म्हणून दहा टक्के धरावेत. या बेरजेला बाराने भागावं, आलेल्या आकड्याचे वीस वाटे करावेत. एका घराने एक वाटा घ्यायचा, दर महिन्याला पैसे आपोआप वळते करण्याची कायमची सूचना बँकेला देऊन टाकायची. वीस वाटे हवेत म्हणून चोवीस घरांचे होकार घ्यावेत. कोणी गाव सोडतं, कोणाची नोकरी जाते, कोणी विसरतं. होकार तीन वर्षांसाठी मागावा आणि मधे थांबावं लागलं तर संकोच करू नका असं आधीच सांगावं. अडचणीतलं घर गुपचूप बंद करतं तेव्हा खजिनदाराला दोन महिन्यांनी कळतं, मोकळेपणाने सांगितलं तर त्याच आठवड्यात दुसरं घर शोधता येतं.

ज्या देशांत दानावर करसवलत आहे तिथे तिचे कागद पहिल्याच दिवशी भरून घ्यावेत. ब्रिटनमध्ये करदात्याने गिफ्ट एड या करसवलत योजनेचं घोषणापत्र भरलं की त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. घोषणापत्र नसेल तर, लहान रोख दानांसाठीच्या वेगळ्या योजनेचा अपवाद सोडता, त्या दानावर काहीच मिळत नाही. कितीतरी मंडळ्यांचे पैसे केवळ न भरलेल्या फॉर्ममुळे राहून जातात.

कार्यक्रम करूच नयेत असं नाही. खाद्यविक्री, सायकलफेरी, जुन्या वस्तूंचा बाजार यांनी चर्चबाहेरची माणसं आत येतात. पण खाद्यविक्रीचा हिशेब खरा मांडला पाहिजे. त्याच घरांनी सामान आणायचं, त्याच घरांनी रांधायचं आणि त्याच घरांनी विकत घ्यायचं, असं झालं तर थेट पाकिटात टाकले असते त्यापेक्षा कमीच जमतात, शिवाय बायकांचे दोन दिवस जातात. घेणाऱ्यांत निम्मे तरी बाहेरचे असतील तरच तो घाट घालावा. कूपनं आधी विकावीत, तीन दिवस आधी विक्री थांबवावी, विकलेल्या कूपनांवर फार तर पंधरा टक्के जास्तीचं रांधावं. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वरच राहतील अशी सोय नसेल तर दोन तासांच्या आत ते संपवावेत. दाणे, सुकामेवा, दूध, अंडं कशात आहे याची पाटी प्रत्येक भांड्यासमोर हवी. चांगल्या कामासाठी रांधलेल्या अन्नाने कोणाचं पोट बिघडलं तर पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

सायकलफेरीत आणि पदयात्रेत गळती असते ती ‘प्रत्येक किलोमीटरमागे इतके’ या कबुलीत. फेरी झाल्यावर वसुलीला कोणी फिरत नाही आणि महिन्याने कागदच हरवतो. निघण्याआधीच ठरावीक रक्कम घ्यावी, पावती द्यावी, विषय संपला. सोडतीला अनेक देशांत परवाना लागतो, आणि मेथॉडिस्टांसारख्या काही पंथांत जुगाराशी साधर्म्य असलेल्या गोष्टींना परंपरेनेच विरोध आहे. तेव्हा कमिटीत आधी विचारून घ्यावं.

मोजणी हा कंटाळवाणा भाग, आणि विश्वास उडतो तोही इथेच. थैली उघडताना दोघं जण हवेत, एकाच घरातले नकोत. सुट्ट्यासाठी सकाळी पेटीत ठेवलेली रक्कम लिहून ठेवावी आणि शेवटी वजा करावी. दोघांनी स्वतंत्र मोजावं, आकडा जुळेपर्यंत पुन्हा मोजावं, चिठ्ठीवर दोघांनी सह्या कराव्यात. रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी जशीच्या तशी बँकेत भरावी. ‘तंबूवाल्याचे यातूनच देऊन टाकू’ हा मोह सर्वांना होतो. देऊ नयेत. खर्च चर्चच्या खात्यातून बिलावर द्यावा, म्हणजे वहीत एकूण जमा आणि खर्च दोन्ही दिसतात. हा निधी चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला, महिनाभरासाठी उसना म्हणूनसुद्धा, वळवू नये. पत्रकावर एक वाक्य आधीच छापावं: गरजेपेक्षा जास्त जमल्यास किंवा हे काम बंद पडल्यास रक्कम त्याच संस्थेच्या मुलांसाठीच्या इतर कामाला दिली जाईल. हे वाक्य नसलं आणि योजना बदलली तर पैसे कायद्याने अडकून पडू शकतात, कारण देणाऱ्याने एका कामासाठी दिलेले ते असतात.

पाठवतानाही पैसे गळतात. परदेशी हस्तांतरणात मधल्या बँका आपापलं शुल्क कापतात, शिवाय विनिमय दरात बँकेचा वाटा असतो. दर महिन्याला छोटी रक्कम पाठवली तर तिचा बराच भाग शुल्कातच जातो. तिमाहीला एकदा पाठवावी, आणि शुल्क कोण भरणार, पाठवणारा, घेणारा की दोघं, हा पर्याय फॉर्मवर जाणूनबुजून निवडावा. पहिल्या वेळी लहानशी रक्कम पाठवून पोचल्याचं फोनवर विचारून घ्यावं. सर्वांत महत्त्वाचं: ‘आमचं खातं बदललं आहे, यापुढे इथे पाठवा’ असा ईमेल आला तर त्या ईमेलला उत्तर देऊ नये. आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलावं. अशा खोट्या ईमेलांनी भलेभले फसले आहेत आणि गेलेले पैसे क्वचितच परत येतात. पाहुण्याच्या बॅगेतून रोख पाठवणं तर नकोच. घेणाऱ्या देशाचा कायदाही पाहावा. भारतात २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि एका संस्थेला मिळालेली अशी देणगी तिने पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हे न पाहता ‘मोठ्या संस्थेमार्फत छोट्या संस्थेला’ पैसे धाडले तर छोट्या संस्थेपर्यंत ते पोचत नाहीत आणि मोठी कायद्याच्या कचाट्यात सापडते.

फोटोंचं काय करायचं? हा वाद दीडशे वर्षांचा आहे. लंडनच्या स्टेपनीत १८७० साली मुलांचं वसतिगृह उघडणाऱ्या थॉमस बर्नार्डो यांनी १८७४ पासून मुलांचे फोटो काढवले, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोड्या करून ते विकले. १८७७ साली हे प्रकरण लवादापुढे गेलं आणि हे फोटो मुद्दाम रचलेले असल्याबद्दल त्यांच्यावर ठपका आला. आपल्या वसतिगृहातून एका मुलाला जागा नसल्याने परत पाठवलं आणि तो मेला, या आठवणीने पुढे कोणत्याही निराधार मुलाला नाकारायचं नाही असं ठरवणारा हा माणूस होता. त्याच्या हेतूविषयी प्रश्नच नाही. तरीही फाटके कपडे आणि मळलेला चेहरा दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत या समजुतीने त्याला तिथे नेलं. याच काळात ब्रिटनमधल्या चर्चप्रणीत आणि इतर संस्थांनी लाखभर मुलं कॅनडाला पाठवली, नंतर ऑस्ट्रेलियालाही. अनेकांना तुम्ही अनाथ आहात असं सांगितलं होतं आणि त्यांच्या आया जिवंत होत्या. ऑस्ट्रेलियाने २००९ साली आणि ब्रिटनने २०१० साली याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या जहाजांच्या तिकिटांचे पैसे भल्या माणसांनीच जमवले होते.

म्हणून फोटोत चेहरा नको. पाठमोरं मूल, खेळाचा पट, किल्लीची दोरी, हात, एवढं पुरतं. नाव बदललेलं, जागेचं नाव नाही, आणि फोनने काढलेल्या फोटोत दडलेली ठिकाणाची माहिती काढून टाकलेली. परवानगी मुलाची आणि पालकाची, दोघांचीही, आणि नाही म्हटलं तरी जेवण तितकंच मिळेल हे त्याला आधी सांगितलेलं. हे मूल उद्या शाळेत जाईल, वर्गातलं कोणीतरी फोनवर ते पत्रक उघडेल, हे डोळ्यांसमोर ठेवलं की कुठला फोटो वापरावा ते आपोआप कळतं. एका दात्याला एक मूल जोडून देण्याच्या पद्धतीलाही माझा विरोध आहे. एकाला पत्र येतं, दुसऱ्याला येत नाही, आणि दोघं एकाच चटईवर झोपतात.

जुन्या कपड्यांची खोकी पाठवू नयेत. वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतं, बंदरात खोकी अडकली की दिवसागणिक भाडं चढतं, ओलीने कपडे कुबट होतात. तेच कपडे इथे विकून पैसे पाठवावेत, तिथल्या शिंप्यालाही काम मिळेल. मंडळीच्या भेटीही शक्यतो मुलांकडे नकोत. दोन आठवडे लळा लावून निघून जाणारी माणसं या मुलांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ झालेली असतात. जायचंच असेल तर हिशेब समजणाऱ्या दोघांनी जावं, कार्यालयात बसावं, कार्यकर्त्यांचं ऐकावं. मुलांना एकटं भेटू नये, कोणतंही आमिष घेऊन जाऊ नये.

रविवारच्या उपासनेत या कामाला चार मिनिटं पुरतात. एक मूल, बदललेल्या नावाने. एक रक्कम. करायची एक गोष्ट. आणि दर सहा महिन्यांनी अहवाल, ज्यात संस्थेला मुद्दाम एक प्रश्न विचारलेला असावा: या काळात काय फसलं? पहिल्या अहवालात या प्रश्नाचं उत्तर कोरं असतं. दुसऱ्यात एखादी ओळ येते. तिसऱ्या-चौथ्या अहवालात, पैसे तोडले जात नाहीत याची खात्री पटल्यावर, अर्धं पान येतं: दोन मुलं परत फूटपाथवर आली, एक कार्यकर्ता जास्त पगारावर दुसरीकडे गेला, पोलिसांनी मुलांना हुसकावल्यामुळे नेहमीचा कोपरा रिकामा पडला आणि त्यांना नव्या जागी शोधायला पाच आठवडे लागले. हे अर्धं पान मंडळीत वाचून दाखवावं, सगळं.

काम थांबवायचं झालं तर निदान सहा महिने आधी लेखी कळवावं, शक्य असेल तर वर्षभर. शेवटच्या वर्षात वाटा एकदम बंद न करता तिमाहीगणिक उतरता ठेवावा, म्हणजे संस्थेला दुसरा आधार शोधता येतो. सप्टेंबरमध्ये आलेल्या पत्राने ऑक्टोबरचा पगार बंद झाला तर कार्यकर्ता नोकरी सोडतो, आणि टाचेला बँडेज बांधलेलं मूल ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर येऊन बसतं.